एकोणिसावा गडी

यँबिट,
५ ऑगस्ट

प्रिय नोरीन,

तेवीस तारखेच्या शनिवारी तुमचं पायपर्स वेल आमच्या यँबिटला फुटबॉल खेळायला येणार. त्याआधी आपण भावंडांनी एकमेकांना टोमणे मारायची पत्रं लिहायची, ही तू गसशी लग्न करून शत्रूच्या गावात नांदायला गेलीस तेव्हापासूनची रीत. फोनवर भागलं असतं. पण फोनवर तुला भलतंच ऐकू येतं, आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं.

यंदा टोमणे तरी कशाचे मारायचे? तुम्ही एकही सामना जिंकला नाहीत, आम्हीही नाही. लीगच्या तक्त्यात खालून पहिले कोण, एवढंच तेवीसला ठरायचं. आईची ती धुणं ढवळायची काठी सध्या तुमच्या क्लबाच्या भिंतीवर टांगलेली आहे. हरणाऱ्या गावानं ती वर्षभर मिरवायची. बिचाऱ्या आईनं त्या काठीनं आपल्या चड्ड्या ढवळल्या. तिला काय ठाऊक, पुढं तिचं मानचिन्ह होणार म्हणून!

आमचे गडी म्हणशील तर भरपूर आहेत. आपल्या या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला लागतात तेवढे अठरा पुरे. रोवनचा गुडघा जरा सुजतो, पण तो मागच्या खांबांपाशी उभा राहिला की भिंत उभी राहते. एक्केचाळिसाव्या वर्षीही माझ्या पोराच्या डोक्यावरून कुणी चेंडू झेलू शकत नाही. संघाची यादी मीच करतो, म्हणून परवा बदामाच्या मळ्यात कामाला आलेला टोंगा बेटांवरचा एक तरुण माझ्याकडं आला होता, सेमिसी नावाचा. दारातून वाकून आत आला. म्हणाला, "मास्तर, मला खेळायचंय." मी म्हटलं, "बाळा, तुमची रग्बी वेगळी, हा खेळ वेगळा. हंगाम संपतच आलाय, पुढल्या वर्षी बघू." शिवाय त्याच्या मापाची जर्सी कुठून आणायची?

काल संध्याकाळी मैदानावर एकटाच बसलो होतो. चारी बाजूंना गहू, कोवळा, पोटरीत न आलेला. वारा आला की साऱ्या शेतावरून हात फिरवल्यासारखा जातो. दोन ओळी सुचल्या:

गव्हापल्याड गहू उभा, गव्हापल्याड वारा,
मधे चार खांब, त्यांत अडकलेला एक तारा.

हस. तू नेहमी हसतेस.

तुझा,
एल्विन

*

पायपर्स वेल,
९ ऑगस्ट

प्रिय एल्वी,

हसले. तारा वगैरे ठीक आहे, पण तुझ्या त्या चार खांबांत अडकलाय तो तारा नव्हे, तुझा मुलगा आहे.

आमची मंडळी आधी सांगून टाकते. हॅमिश कप्तान आहे. माझाच नातू, म्हणून आजोबासारखा हट्टी. आमचेही अठरा होतील, बेकरीवाला डेस धरून. डेस पन्नाशीचा. पळताना त्याच्या मागं पीठ उडतं असं पोरं म्हणतात. तेव्हा फुशारक्या नकोत.

तुला गसची गोष्ट आठवते? तो कप्तान होता तेव्हा समोरच्यांचा खेळ फार रंगात आला. यानं हात वर करून पंचाला म्हटलं, "मोजा!" पंचानं खेळ थांबवला, समोरच्यांना मधोमध रांगेत उभं केलं, खांद्याला हात लावत मोजलं. अठराच्या जागी एकोणीस! तोवर कमावलेले सगळे गुण पुसले. गस मरेपर्यंत ते सांगत होता. आता कोणता कप्तान "मोजा" म्हणतो? आपल्या दोन्ही गावांत अठरा गाठायलाच रक्त आटतं. एकोणीस आणायचे कुठून?

आता मुद्द्याचं. तुझ्या सुनेचा, टेसचा, फोन आला होता. (हो, मला ऐकू आलं. ती मोठ्यानं आणि सावकाश बोलते, तुझ्यासारखी पुटपुटत नाही.) फेब्रुवारीत ती दोन्ही मुलींना घेऊन तिकडं समुद्राकाठी वॉर्नम्बूलला गेली ती शाळेसाठी, एवढंच तू मला सांगितलंस. रोवनसाठी तिथं कारखान्यात जागा धरून ठेवलीय, सप्टेंबरअखेरपर्यंत, हे नाही सांगितलंस. आणि त्यानं बायकोला शब्द दिलाय, "ज्या दिवशी माझ्याशिवाय यँबिटचे अठरा होतील, त्या दिवशी गाडी काढतो." हेही नाही. धाकटी रोज विचारते म्हणे, "आज किती झाले?"

एल्वी, सतरा अधिक एक टोंगाचा तरुण, किती होतात? तू चाळीस वर्षं गणित शिकवलंस. आणि मापाची जर्सी नाही म्हणे! तुमचा जुना गडी ढोल्या ब्लूई डन्स्टन, त्याची तेहतीस नंबरची जर्सी तुमच्या कँटीनमध्ये खिळ्याला लोंबतेय. मागच्या वर्षी कँटीन सांभाळणाऱ्या मॅव्हिसनं गरम चहाची किटली धरायला मला तीच दिली होती.

त्या पोराला परत का पाठवलंस?

तुझी थोरली,
नोरीन

*

यँबिट,
१३ ऑगस्ट

प्रिय नोरीन,

थोरल्या बहिणीला उत्तर द्यायला मी बांधील आहे, आरोपी नाही.

रोवनला मी कधीही बांधून ठेवलेलं नाही. तो आपल्या मनानं राहिलाय. तुला हे समजणार नाही. तुमच्या गावात अजून शाळा आहे, डॉक्टर येतो. इथं माझ्या शाळेच्या खोलीत आता खताची पोती आहेत. परवा खिडकीतून आत डोकावलो. जिथं बासष्ट मुलं एका सुरात कविता म्हणायची, तिथं पोत्यांची चळत, आणि फळ्यावर कुणीतरी ट्रॅक्टरच्या तेलाचा हिशेब लिहिलेला. त्या मुलांतली निम्मी शहरात गेली, काही मातीत. कविता मात्र माझ्या तोंडात राहिल्या. त्या कुणाला म्हणून दाखवू? गावात हॉटेल बंद, पोस्ट बंद, चर्च महिन्यातून एकदा. शनिवारी दुपारी गाड्या मैदानाच्या कडेनं नाक आत करून उभ्या राहतात, गोल झाला की सगळ्या मिळून हॉर्न वाजवतात, तेवढा वेळ यँबिट आहे. सामना संपल्याचा भोंगा वाजला की नाही.

रोवन काल स्वयंपाकघरात गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसला होता. म्हणाला, "बाबा, शनिवारी किती?"

मी म्हटलं, "सतरा आणि तू."

"नवीन कुणी?"

"कुठून येणार?"

तो हसला. "मैदानाला ते कुंपण कशाला घातलंय हो? मेंढ्या बाहेर ठेवायला की मला आत?"

गंमत करतो. लहानपणापासून गमत्या आहे. मग त्यानं माझ्यासाठी चहा केला, माझ्या गोळ्या काढून बशीत ठेवल्या, आणि शेडमध्ये कुणाचं तरी कापणीयंत्र खोलायला निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज अंगणातल्या खडीवरून जातो ना, तो मी रोज ऐकतो, शेडचं दार सरकेपर्यंत. या घरात आता तेवढाच आवाज आहे. बाकी वारा.

तो टोंगाचा मुलगा चांगला होता, नाही म्हणत नाही. पण सामन्याला दहा दिवस उरले असताना नवशिक्याला उतरवायचं म्हणजे त्याचंच हसं. त्याच्या भल्यासाठीच मी त्याला परत पाठवलं.

तुझा,
एल्विन

*

पायपर्स वेल,
१८ ऑगस्ट

प्रिय एल्वी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता मी काही बोलत नाही. तू म्हणतोस तसं असेल.

दर वर्षीसारखी सामन्याची वेळ पाहायला मी तुझ्याशेजारी मैदानाकडेच्या त्या पत्र्याच्या टपरीत, आपल्या 'पेटीत', बसेनच, तुमच्याकडून तू, आमच्याकडून मी. भोपळ्याचे स्कोन भाजून आणते. थर्मास तू आण, पण चहा जरा कडक कर. मागच्या वेळी रंगीत पाणी होतं.

इकडची बातमी फारशी नाही. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मळ्यातली टोंगाची मंडळी हल्ली आमच्याकडेच येतात. गातात तेव्हा छपराचे खिळे ढिले होतील असं वाटतं. प्रार्थनेनंतर त्यांच्याशी चार शब्द बोलते. फार गोड माणसं.

तुझी,
नोरीन

*

यँबिट,
२४ ऑगस्ट

नोरीन,

वेळ पाहणाऱ्यानं वेळ पाहायची असते. पेटीची खिडकी वर करून मैदानावर ओरडायचं नसतं. सत्तर वर्षांत कुणी असं केलेलं नाही. माझ्याशेजारी बसून, माझा चहा पिऊन, तू दगा केलास.

चारपैकी तिसऱ्या सत्रात आम्ही आठ गुणांनी पुढं होतो. पुढं! गाड्यांतली म्हातारी माणसं बाहेर उतरून उभी राहिली होती. आणि तू सगळं पुसून टाकलंस. ते पाटीवरचे पत्र्याचे आकडे काढून खाली टाकले ना, त्यांचा खणखणाट अजून कानात आहे.

मध्यंतराला सेमिसीला ती तेहतीस नंबरची जर्सी आपण दिली हे मॅव्हिसनं कबूल केलं. तिला आदल्या दिवशी कुणाचा फोन आला होता तेही सांगितलं. तूच माणूस घुसवायचा, आणि तूच मोजायला लावायचं! शत्रूच्या गावात नांदून नांदून शत्रूचीच झालीस.

काठी आता इथं आहे. समाधान झालं असेल.

एल्विन

*

पायपर्स वेल,
२७ ऑगस्ट

प्रिय एल्वी,

माणूस मीच पाठवला. चर्चच्या पायरीवर मी सेमिसीला सांगितलं, "शनिवारी मळ्यातून सुटलास की यँबिटला जा, मास्तरांना विचारू नकोस, कँटीनमधल्या बाईकडून जर्सी घे." मला वाटलं होतं, अठरा होतायत म्हटल्यावर तू रोवनला बाजूच्या बाकावर बसवशील. एवढंच. बाकी कट केला नव्हता.

पण तुमच्याकडं बाकावर बसायची रीतच उरलेली नाही, हे माझ्या ध्यानात नव्हतं. सहा-सात वर्षांत तुमच्या बाकावर कुत्र्याशिवाय कुणी बसलेलं नाही. ज्याच्या अंगात जर्सी तो धावत आत! मध्यंतर संपलं, सगळे गेले, तो डोंगरही त्यांच्याबरोबर गेला, आणि कुणालाही वाटलं नाही की एकदा मोजावं. मोजायची वेळ तुमच्यावर येतेच कुठं?

आता पेटीतलं ऐक. तिथं आपण दोघंच होतो, तेव्हा हे मी तुलाच सांगते, आणखी कुणाला सांगणार नाही.

तिसरं सत्र सुरू झालं आणि मी मैदान पाहत नव्हते, तुला पाहत होते. तुझी नजर डावीकडून उजवीकडे गेली. ओठ हलत होते. वर्गातली पोरं मोजायचास तसे. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. मग तू थर्मासचं झाकण लावलंस, काढलंस, पुन्हा लावलंस. एल्वी, माझ्या आधी तू मोजलं होतंस.

मी थांबले. मनात म्हटलं, आता उठेल. खिडकी उघडून हाक मारेल, "रोवन, बाहेर ये!" एवढं केलं असतंस तर कुणाला काही कळलं नसतं. तुमची आठ गुणांची आघाडी राहिली असती, तुम्ही जिंकला असतात, काठी आमच्या भिंतीवर राहिली असती. पण मग पोरानं विचारलं असतं, का बोलावलंत? मी स्कोनला लोणी लावलं. तुला दिला. तू खाल्लास. आणि म्हणालास, "वारा फिरला बघ."

तू उठला नाहीस. जिंकायची संधी हातात असताना उठला नाहीस. तेव्हा मला कळलं की हा माणूस आपण होऊन कधीच उठणार नाही. म्हणून मी खिडकी वर केली आणि ओरडले, "हॅमिश! मोजा म्हण! आजोबा आठव, गाढवा!"

बिचाऱ्या हॅमिशला पहिल्यांदा कळेचना. "आजी, ते यँबिट आहेत," तो ओरडला, "मोजायचं काय त्यांच्यात!"

पुढचं तू पाहिलंस. पण तू मान खाली घातली होतीस, म्हणून काही सुटलं असेल. रांग लागली तेव्हा रोवन लंगडत सगळ्यात शेवटी आला. पंच एकेकाच्या खांद्याला हात लावत गेला. सेमिसीचा खांदा त्याला चवड्यांवर उभं राहून गाठावा लागला, तेव्हा गाड्यांतून हसू आलं. मग शेवटी रोवन. "एकोणीस," पंच म्हणाला.

रोवननं रांगेकडं एकदा पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पंचाला म्हणाला, "जास्तीचा मी." मग सरळ आपल्याकडं चालत आला. कुंपणाचं फाटक पलीकडं होतं, तिकडं गेलाच नाही. दुखरा पाय आधी उचलून कुंपणावरून टाकला, मग दुसरा, आणि खिडकीशी आला.

"बाबा, मला धरून किती?"

तू म्हणालास, "एकोणीस."

"आणि मला सोडून?"

ते उत्तर तुझं होतं. किती वेळ लागला तुला, एल्वी! मास्तर असून वजाबाकीला इतका वेळ. पण शेवटी म्हणालास. "अठरा," असं, मान वर करून म्हणालास. ते मी ऐकलं, माझ्या बहिऱ्या कानांनी नीट ऐकलं.

रागव हवा तितका. स्कोनचा डबा तुझ्याकडं राहिलाय.

तुझी,
नोरीन

*

यँबिट,
१४ सप्टेंबर

प्रिय नोरीन,

डबा सोबत पाठवतो आहे. धुतलेला आहे.

रोवन मंगळवारी गेला. जाण्याआधी त्यानं आईची काठी क्लबाच्या भिंतीवर आपल्या हातानं ठोकली, जरा वाकडीच. माझ्या गोळ्यांना एक डबी आणलीय, वारांची नावं लिहिलेली. शेडच्या दाराला तेल घातलं. ते नसतं घातलं तरी चाललं असतं. आता ते वाऱ्यानं सरकतं तरी आवाज होत नाही.

गाडीत बसताना म्हणाला, "बाबा, आत्याला सांगा, तिचा आवाज अजून मैदानाच्या पलीकडं पोचतो."

मी म्हटलं, "एखादी कविता म्हणून दाखवू का, निरोपाची?"

"लांबलचक आहे?"

"आठ कडवी."

"मग फोनवर म्हणा," तो म्हणाला. "टेसला पण ऐकवा. तिलाच एकटीला का सोडायचं?" आणि गाडी सुरू केली. इथला रस्ता किती सरळ आहे हे तुला माहीत आहे. माणूस गेला तरी अर्धा तास दिसतच राहतो. पूर्वी मला हे काव्य वाटायचं.

तू पेटीतलं लिहिलंस त्याला उत्तर देत नाही. ते पत्र मी जपून ठेवलेलं नाही. चुलीत घातलं. पण पाठ झालंय.

सेमिसी दर गुरुवारी सरावाला येतो. एकटाच. चेंडू पायानं मारायला शिकतोय. अजून तो मैदानामागच्या धान्याच्या सायलोवर आदळतो.

तुझा,
एल्विन

*

पायपर्स वेल,
२० नोव्हेंबर

प्रिय एल्वी,

बातमी वाईट आहे आणि ती मीच तुला द्यायला हवी. मळ्यावरचं काम सरलं. टोंगाची मंडळी रविवारी शेवटचं गायली आणि निघाली. सेमिसी पुढल्या वर्षी इकडं येणार नाही, त्याला उत्तरेला केळीच्या बागेत काम मिळालंय. तो मला घट्ट मिठी मारून रडला. तुझ्यासाठी निरोप आहे: "मास्तरांना सांगा, चेंडू आता सरळ जातो."

म्हणजे तुम्ही पुन्हा सतरा.

मी रोवनला काही कळवलेलं नाही. कळवणारही नाही. तो दर रविवारी तुला फोन करतो, मला नाही. तू नुसतं "सतरा" म्हटलंस तरी तो मार्चमध्ये गाडी घेऊन दारात उभा राहील, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. या वेळी मी मध्ये पडत नाही. पेटीत तू एकटाच आहेस.

ख्रिसमसला ये. नाही म्हणशील, तरी ये.

नोरीन

*

यँबिट,
१५ मार्च

प्रिय नोरीन,

उन्हानं सगळं भाजून निघालंय. शेतं कापलेली, नुसते खुंट. गेल्या गुरुवारपासून सराव सुरू झाला. मी जर्सी धुऊन दोरीवर टाकल्या. वाऱ्यात त्या फडफडत होत्या तेव्हा वाटलं, सगळे आत आहेत, नुसती डोकी लावायची राहिलीत. तेहतीस नंबरची पण वाळत घातली. ती एकटीच एका गादीच्या खोळीएवढी फुगते.

आज रोवनचा फोन आला. मागं मुली भांडत होत्या, कुणीतरी कुणाचा बूट लपवला होता. धाकटी फोन ओढून घेऊन म्हणाली, "आजोबा, समुद्रात पण पोहता येतं, माहितेय?" मी म्हटलं, नव्हतं माहीत. मग तो आला. हवा विचारली. गोळ्या विचारल्या. मला कळलं काय येणार ते. फोनची तार बोटाभोवती गुंडाळून मी उभा होतो, आणि समोर भिंतीवर त्याची टोपी होती, राहून गेलेली. नोरीन, एक शब्द होता गं. एकच. बोलायला सोपा, खरा, आणि पुढल्या शनिवारी खडीवर बुटांचा आवाज.

"बाबा," तो म्हणाला, "किती झाले?"

"अठरा," मी म्हणालो.

"नक्की?"

"अरे, मास्तराला मोजता येत नाही होय?"

तो हसला. मोठा श्वास सोडल्यासारखा हसला. मग मला म्हणाला, ती आठ कडव्यांची कविता म्हणा, आणि मी म्हटली. पाचव्या कडव्यात अडलो तर त्यानंच पुढची ओळ सांगितली. कधी पाठ केली होती कोण जाणे.

फोन ठेवून मी मैदानावर गेलो आणि कुंपणाला टेकून उभा राहिलो. पोरं सराव करत होती. मी मोजलं, डावीकडून उजवीकडे. सतरा. मग स्वतःला धरून मोजलं. अठरा.

तेव्हा एक विनंती. ऑगस्टमध्ये स्कोन आण, चहा मी कडक करीन. पण यंदा खिडकी वर करून "मोजा" म्हणू नकोस.

तुझा,
एल्विन